मटण स्ट्रीटवरचं जुन्या खेळसामानाचं दुकान: जाताना दोन मापाची बांगडी घेऊन जा

शुक्रवारी जाऊ नका, हे सगळ्यात आधी. चोरबाजारात मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. त्या बाजारात एखादी रॅकेट, एखादी बॅट मिळून जाते, नाही असं नाही. पण तिथे वस्तू उजेडात धरून निवांत बघता येत नाही. तुम्ही बघत असता आणि मागचा माणूस तुमच्या खांद्यावरून हात घालून तीच वस्तू उचलतो. जुनी हॉकी स्टिक अशी घाईत घ्यायची नसते. शनिवारी जा, नाहीतर मधल्या वारी, अकरानंतर. दुपारी दीड ते अडीच दुकान बंद असतं.

मी पुण्याहून डेक्कन क्वीनने जाते आणि सीएसएमटीवरून टॅक्सीने भेंडी बाजार गाठते. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही, खूण सांगते. सिनेमाची जुनी पोस्टरं विकणारी दुकानं ओलांडली की एका दारात दोरीला टांगलेला चामड्याचा फुटबॉल दिसतो, काळा पडलेला, तोंडाशी वादी ओवलेला. तेच दुकान. आत सत्तरीचे एक चाचा बसतात आणि त्यांचा पुतण्या. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी अगदी आपल्यासारखं बोलतात. मला ते "टीचर" म्हणतात.

टीचर, कारण मी शाळेत पीटी शिकवते. वय चोपन्न. वाढले खडकीत, बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. आमच्या वसाहतीत हॉकी कोणी ठरवून सुरू करत नसे. संध्याकाळ झाली की मैदानावर जायचं आणि हाताला येईल ती स्टिक उचलायची. मोठ्यांनी मोडून टाकलेल्या स्टिका आम्ही सुतळीने आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून वापरायचो. आमच्या खडकीचा धनराज पिल्लेही मोडक्या स्टिकांवरच शिकला. मी जिल्ह्याकडून लेफ्ट हाफ खेळले, मग गुडघा गेला. बाबा गेले त्या वर्षी माळ्यावर त्यांची स्टिक सापडली, वेताच्या मुठीवरचा दोरा सुटलेला, खाली टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेली. तिच्या जोडीला म्हणून मी दुसरी घेतली आणि तिथून हे सुरू झालं. आज माझ्याकडे तेवीस स्टिका आहेत. त्यातल्या नऊ या दुकानातून आणलेल्या.

आता बांगडीचं सांगते. हॉकीच्या नियमांप्रमाणे स्टिक, तिच्यावर गुंडाळलेल्या पट्टीसकट, आतून दोन इंच व्यासाच्या कड्यातून पार जायला लागते. पूर्वी अंपायरकडे तसं कडं असायचं. बाजारात ते आता कुठून आणणार? पण आपल्या बायकांना माहीत आहे की दोन मापाची बांगडी म्हणजे आतून दोन इंच, सव्वादोनची म्हणजे सव्वादोन. माझ्या मुलीची लहानपणची पितळी बांगडी नेमकी दोनची निघाली. ती मी पर्समध्ये ठेवते. मुठीकडून बांगडी घालायची आणि खाली सरकवत न्यायची, वाक आला की बांगडी वळवून टोकाकडून बाहेर काढायची. सामन्यात खेळलेली स्टिक असेल तर ती जाते. मधे कुठे अडली तर तिथेच थांबून बघायचं. बहुतेक वेळा कोणीतरी नंतर चार थर टेप गुंडाळलेली असते, किंवा तडा गेल्यावर आतून खपची घालून वरून दोरा ओढलेला असतो. दोन-तीनदा असं झालं की स्टिक खालपासून वरपर्यंत कुठेच बसेना. ती भिंतीवर लावण्यासाठीच केलेली होती, खेळासाठी नाही.

पहिल्यांदा मी बांगडी काढली तेव्हा पुतण्या हसला. चाचांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, मग माझ्याकडून बांगडी मागून घेतली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सगळ्या स्टिका एकेक करून तिच्यातून काढल्या. चौदातल्या तीन अडल्या. त्या तिन्ही त्यांनी बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "या सजावटीच्या भावात देईन, खेळाच्या भावात नाही." मी तेव्हाच ठरवलं की या माणसाकडे परत यायचं.

त्याआधी मला एक मोठा फटका बसला होता. ऑनलाइन एकाकडून मी चौदा हजार रुपयांना एक स्टिक घेतली होती. वर्णनात "१९२८च्या ऑलिंपिकच्या काळातली" असं लिहिलेलं. १९२८ म्हटलं की माझा हात थांबत नाही. तो संघ याच मुंबईतून बोटीने निघाला होता, बंदरावर निरोप द्यायला जेमतेम तीन माणसं होती, आणि ॲम्स्टरडॅममध्ये त्यांनी पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले, अंगावर एकही घेतला नाही. त्यातले चौदा एकट्या ध्यानचंदचे. त्या वर्षाच्या आसपासची एक स्टिक घरात असावी ही माझी जुनी इच्छा. पार्सल उघडलं तेव्हा छान दिसली, गडद, चकचकीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गच्चीवर उन्हात नेली आणि पोटात गोळा आला. दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या होत्या.

हे नीट समजून घ्या, कारण कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल. हॉकी स्टिकची डावी बाजू सपाट असते आणि चेंडूला फक्त तीच लावायची. उजवी बाजू गोल असते, तिने चेंडू मारला तर फाउल. डावऱ्या माणसालाही वेगळी स्टिक नाही. त्यामुळे खरोखर खेळलेल्या स्टिकची सपाट बाजू चेपलेली, खरवडलेली, तेल पिऊन काळी झालेली असते, गोल बाजूवर जमिनीचे ओरखडे असतात पण चेंडूचा मार नसतो, आणि तळ टाचेपाशी तिरका झिजलेला असतो. पॉलिश पेपर मारून म्हातारी केलेली स्टिक चोहोबाजूंनी एकसारखी म्हातारी दिसते. माझ्या चौदा हजारांच्या स्टिकचं टोकही हुकासारखं वर आलेलं होतं. तसं टोक १९८०च्या दशकात आलं. मूठ वेताची नव्हतीच, लाकडावर वेताच्या रेघा ओढल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत. ती स्टिक मी ठेवली आहे, शाळेतल्या मुलींना फरक दाखवायला.

तर चाचांच्या दुकानातली मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट म्हणजे ते काहीही चकचकीत करत नाहीत. धूळ झटकतात, बस. वॉर्निश नाही, पॉलिश नाही, तुटलेला दोरा बदलणं नाही. बाकीच्या दुकानांत जुनी वस्तू आली की पहिल्यांदा तिला घासतात. गिऱ्हाइकाला चमक आवडते म्हणतात. पण स्टिकवरचा हातांचा काळा थर काढला की तिच्यावर कोण कसं खेळलं ते सगळं त्या फडक्याबरोबर जातं. मुठीवर उजव्या हाताची जागा कुठे आहे, माणूस स्टिक उंच धरत होता की खाली वाकून, हे त्या थरावरून कळतं. मी तेवढ्यासाठीच पैसे देते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गेले होते. चाचांनी पोटमाळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक स्टिक काढून दिली. टोक आखूड, पट्कन वर वळलेलं, म्हणजे आपल्याकडचं वळण. इंग्लंडच्या जुन्या स्टिकांचं टोक लांब असतं, पाऊल पुढे टाकल्यासारखं, कारण त्यांचं ॲशचं लाकूड इतकं घट्ट वाकत नाही. आपल्याकडे पंजाबात तुतीचं लाकूड वापरायचे. ते वाफेवर गोल वाकतं आणि चिरत नाही. आखूड टोकामुळे चेंडू उजवीकडून डावीकडे आणि परत झटकन खेळवता येतो. आपलं ड्रिबलिंग जगाने बघितलं त्यात त्या टोकाचाही वाटा आहे, असं मी मुलींना नेहमी सांगते. तुतीचं लाकूड नवं असताना पिवळसर असतं, वय होईल तसं तपकिरी होत जातं. ही चिंचोक्याच्या रंगावर आलेली होती.

शिक्का होता, पण वाचता येत नव्हता. मी भिंग लावलं, तरी नुसते डाग. चाचा म्हणाले, "समोरून उजेड टाकू नका टीचर, आडवा टाका." त्यांनी मोबाईलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून धरला आणि पुतण्याला दार लोटायला सांगितलं. त्या आडव्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या पडल्या आणि अक्षरं एकेक करून वर आली. कमानीसारख्या ओळीत सियालकोट. वरचं कंपनीचं नाव झिजून गेलेलं, शेवटची दोन अक्षरं कशीबशी. आणि कमानीच्या खाली, अगदी बारीक, इंडिया.

सियालकोट आणि इंडिया, दोन्ही एकाच शिक्क्यात. १९४७ नंतर तो शिक्का मारता येणारच नाही. तेव्हा सियालकोट हे खेळाच्या सामानाचं सगळ्यात मोठं गाव होतं, स्टिका, बॅटी, रॅकेट सगळं तिथून देशभर जायचं आणि परदेशीही. फाळणी झाली, गाव पाकिस्तानात गेलं आणि तिथले हिंदू-शीख कारखानदार आणि कारागीर जालंधरला, मीरतला आले. जालंधरच्या बस्ती नौ भागात पुन्हा स्टिका वाकवायला लागले. आज माझ्या शाळेत येणारं सामान त्या जालंधर-मीरतचंच असतं. आणि सियालकोटचं कामही थांबलं नाही, ते तिकडे चालूच राहिलं. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ती दोन नावं बोटाखाली लागणं वेगळं. मी बराच वेळ नुसती अंगठ्याने चाचपत बसले होते. चाचांनी चहा मागवला, काही बोलले नाहीत.

मग त्यांनी तिचे दोष सांगायला सुरुवात केली, मी न विचारता. मुठीवरची रबरी ग्रिप नंतरची आहे. वेताची मूठ जिथे खालच्या लाकडात पाचरीसारखी बसवलेली असते तो सांधा एकदा उघडून परत चिकटवला आहे. जुन्या स्टिकांचा सांधा सरसाने जोडलेला असतो, वाळलेला सरस तपकिरी, काचेसारखा दिसतो. इथे नखाने खरवडल्यावर पांढरं फेव्हिकॉल निघालं. त्यांनी ते माझ्या नखाने खरवडायला लावलं. सहा हजार सांगितले होते, साडेचारला दिली. वेताच्या फाका मात्र मूळच्या आहेत आणि त्यांच्या मधल्या रबराच्या पट्ट्याही, हात झिणझिणू नये म्हणून घालतात त्या. रबर पार कडक झालंय, दाबलं की चुरा पडतो, म्हणून दाबायचं नाही.

तुम्ही गेलात तर एक करा. बिल मागा आणि त्यावर काय मूळचं आहे आणि काय नंतरचं, ते लिहून मागा. आपण होऊन ते फक्त रक्कम लिहितात. पण मागितलं की वहीच्या पानावर सगळं लिहून सही करून देतात. माझ्या नऊही स्टिकांना त्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोऱ्याने बांधलेल्या आहेत. इतक्या दुकानांत फिरले, पण "हे नंतरचं आहे" असं स्वतःच्या हाताने लिहून देणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

सगळंच चांगलं आहे असं नाही. एका स्टिकमध्ये जिवंत भुंगेरा आला. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी कपाटाच्या फळीवर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. लाकडाला भोकं असणं वाईट नाही, जुन्या लाकडाला असतातच. पण भोकाखाली ताजा, फिकट भुसा असला तर किडा अजून आत आहे. माझ्या बाकीच्या सगळ्या स्टिका त्याच कपाटात. रात्रभर झोप नाही. अशा वस्तूला औषध मारण्यापेक्षा गोठवणं चांगलं, पण छत्तीस इंचांची स्टिक घरच्या फ्रिजमध्ये कशी मावणार? आमच्या गल्लीत आइस्क्रीमचं दुकान आहे, त्यांचा आडवा डीप फ्रीझर आहे. त्यांना विनवलं. स्टिक जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, हवा काढून, कडा टेपने बंद करून दोन आठवडे कुल्फ्यांच्या खाली ठेवली. बाहेर काढल्यावर लगेच प्लास्टिक उघडायचं नाही, पूर्ण एक दिवस तसंच ठेवायचं, नाहीतर गार लाकडावर पाणी धरतं. त्यानंतर भुसा पडला नाही. चाचांना फोन केला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, पुढच्या खेपेला पाचशे रुपये कापून घेतले. पण त्यांनी विकण्याआधी बघायला हवं होतं. आता मी प्रत्येक स्टिक तिथेच पांढऱ्या रुमालावर दोनदा आपटून बघते. तुम्हीही तसंच करा.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. ते स्टिका कोपऱ्यात फरशीवर उभ्या ठेवतात. मुंबईची हवा, पावसाळ्यात फरशीला ओल, आणि स्टिकचं डोकं, म्हणजे तिचा सगळ्यात मोलाचा भाग, त्या ओलीत टेकलेला. टाचेपाशी लाकूड फुगतं, सांध्यातला सरस सुटतो. ऑगस्टमध्ये गेले तर दोन चांगल्या स्टिकांचे सांधे माझ्या डोळ्यांदेखत उघडलेले होते. मी रागावले. चाचा "जागा कुठे आहे टीचर" म्हणाले. जागा नाही हे खरंच आहे, दुकान आठ फुटांचं. पण तरी.

बाकी सामानाचं थोडक्यात सांगते. टेनिसच्या लाकडी रॅकेट ढिगाने आहेत, लाकडी प्रेसमध्ये आवळलेल्या, चार कोपऱ्यांना पितळी चाव्या. त्यांचे भाव फार चढलेत, कारण कॅफे सजवणारे डझनाच्या भावाने उचलतात आणि भिंतीला खिळे ठोकतात. चौकटीला खिळ्याचं भोक असलेली रॅकेट घेऊ नका, मला तर बघवतही नाही. बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेट त्या मानाने स्वस्त आहेत. पुणेकरांनी तरी एखादी घ्यावी, या खेळाला एकेकाळी "पूना" म्हणायचे आणि सुरुवातीचे नियम आपल्या छावणीतच १८७३ साली केले गेले. फुटबॉलचे जुने बूट बघायला छान असतात, पण चामडं तडकलेलं असलं तर घरी टिकवता येत नाही.

मुद्गलांची, म्हणजे व्यायामाला हातात धरून फिरवतात त्या लाकडी गदांची, एक जोडी होती, लाल-हिरवे पट्टे दिलेली, एखाद्या तालमीतली असावी. हात शिवशिवले. आपल्या तालमींतला हा प्रकार इंग्रजांनी फौजेत नेला, तिथून तो "इंडियन क्लब" म्हणून युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत गेला. स्टिक, बॅट, रॅकेट बाहेरून आपल्याकडे आल्या, हे मात्र इथून तिकडे गेलं. माझ्याजवळ सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा असतो. दोन्ही लटकवून बघितले तर तीनशे ग्रॅमचा फरक. म्हणजे जोडी नव्हती, दोन वेगळ्या जोड्यांतले एकेक होते. चाचांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी लगेच खडूने दोघांवर वजन लिहून ठेवलं.

एक गोष्ट माझ्या हातून गेली, तिची हळहळ अजून आहे. काचेच्या बरणीत एक चेंडू होता, पांढरा रंग पोपडे धरून सुटलेला, आतून लाल चामडं डोकावत होतं. चाचा म्हणाले हॉकीचा आहे. मी हातात फिरवला, शिवणीच्या रांगा मोजल्या आणि सांगितलं, हा क्रिकेटचा आहे, कोणीतरी चुना फासून हॉकीचा म्हणून खपवलाय. वजन दोन्हींचं सारखंच, साडेपाच-पावणेसहा औंस, त्यामुळे ओळखायला शिवणच. चाचांनी मान डोलावली आणि बरणी मागे सरकवली. घरी आल्यावर जुने नियम चाळत होते. १८८६ साली लंडनमध्ये हॉकी असोसिएशन झाली, तेव्हाच्या नियमात साफ लिहिलेलं आहे की चेंडू म्हणजे पांढरा रंगवलेला साधा क्रिकेटचा चेंडू. हॉकी सुरुवातीला त्यावरच खेळली गेली. तो चुना फासलेला नव्हता, नियमाप्रमाणे रंगवलेला असू शकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आदल्या संध्याकाळीच कोणीतरी घेऊन गेलं होतं, क्रिकेटचा म्हणून, कारण चाचांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला तसंच सांगितलं होतं. चूक माझी, आणि तिच्यामुळे ती वस्तू आता चुकीच्या नावाने कुणाच्या तरी कपाटात आहे. ते गिऱ्हाईक परत आलं तर खरं काय ते सांगा, असं मी चाचांना वहीत लिहून ठेवायला लावलंय.

परदेशी पाठवायला काही घेणार असाल तर हे वाचा. बहिणीचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, त्याला एक लांब टोकाची इंग्लिश स्टिक हवी होती. चाचांकडे होती. ॲशची, एकसंध वाटावी अशी मूठ, सपाट बाजूच्या कडेवर बारीक बारीक चेपे. तेव्हा खेळ बुलीने सुरू व्हायचा, दोघं समोरासमोर उभे राहून जमीन, स्टिक, जमीन, स्टिक असं तीनदा ठोकायचे आणि मग चेंडूवर तुटून पडायचे. ही बहुधा एखाद्या सेंटर फॉरवर्डची असणार. मी पैसे काढले. कुठे पाठवणार, असं त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी स्टिक परत घेतली. "ही शंभरीच्या पुढची असेल तर देशाबाहेर नेता येत नाही टीचर. बहात्तरचा कायदा आहे. पुण्यात ठेवणार असाल तर देतो." त्यांना गप्प राहून विकता आली असती. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाही, हे मी नंतर नीट वाचलं. स्टिक मी माझ्यासाठीच घेतली. भाच्याला जालंधरची, साठ सालानंतरची एक बघून ठेवली आहे.

भाव: आपल्याकडच्या साध्या, खेळून झालेल्या स्टिका दीड-दोन हजारांपासून. शिक्का वाचता येत असला तर चार हजारांच्या पुढे. पहिल्या सांगितलेल्या किमतीतून पाव भाग कमी होतो, त्याखाली घासाघीस करू नका, तेही उतरत नाहीत. पैसे रोख किंवा यूपीआय. पॅकिंग वर्तमानपत्र आणि सुतळीचं, पण घट्ट आणि विचार करून केलेलं. डोक्याला वेगळी गुंडाळी, म्हणजे गाडीत वरच्या रॅकवर आपटलं तरी टोकाला लागत नाही. पोटमाळ्याची शिडी उभी आहे, गुडघे दुखत असतील तर चढू नका, पुतण्याला सांगा, तो सगळं खाली आणून दाखवतो आणि कंटाळत नाही. बायकांसाठी आसपास स्वच्छतागृहाची सोय नाही, स्टेशनवर उरकून निघा.

गणपतीनंतर मी परत जाणार आहे. आमच्या शाळेच्या सुताराकडून खुंट्यांची एक फळी करून घेतली आहे, सागाची, सोळा खुंट्यांची, स्टिका डोकं वर करून टांगायला. चाचांनी दाराच्या वरच्या भिंतीचं माप फोनवर दिलंय, साडेचार फूट. स्क्रू आणि ड्रिल मी नेते, विजेचं बोर्ड कुठे आहे तेवढं पुतण्याला बघून ठेवायला सांगितलं आहे.